ब्र न काढण्याचा कागद

१

मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली ते सांगते. मलमाचं गुपित फुटलं त्याची चीड नंतरची. पहिली चीड आली ती त्या बाईच्या गप्प बसण्याची.

एकोणीस वर्षं ती माझ्या कढईपाशी उभी राहून मलम ढवळत आली. गावात तिला सगळे ढवळणारीच म्हणतात, मीही तेच म्हणते. त्या सोमवारी सकाळी मी कारखान्यात शिरले. कारखाना म्हणजे काय, पत्र्याचं छप्पर, एक भट्टी आणि डबे भरायचं लांब टेबल. तर ही दारातच उभी. हातात निळ्या झाकणाचा डबा. आमचं झाकण पिवळं असतं.

मी डबा हिसकावून घेतला. वर खुराचं चित्र, खाली शहरातल्या एका कंपनीचा शिक्का. 'गाईम्हशींच्या भेगाळलेल्या खुरांसाठी आणि सडांसाठी.' मी चौथीपर्यंत शिकले आहे, पण धंद्यातलं वाचायला तेवढं पुरतं. असला डबा गावातल्या एकाही दुकानात आलेला नव्हता. झाकणाच्या फटीतून वास आला. माझ्याच कढईचा वास.

"हा कुठून आणलास?"

गप्प.

"कुणी दिला? त्या कंपनीच्या माणसाला भेटलीस का?"

गप्प.

"अगं, तोंडात मेण भरलंय का तुझ्या?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग लांब टेबलाकडे पाहिलं. तिथे माझा मुलगा रिकामे डबे मोजत होता, पुतण्या लेबलं चिकटवत होता, सून चहाचे पेले गोळा करत होती. सगळ्यांचे हात थांबलेले. ढवळणारीने मान खाली घातली ती घातलीच.

ज्याने काही केलेलं नाही ते माणूस बोंबलतं. शपथा घेतं, रडतं, भांडतं. मी तर घर डोक्यावर घेतलं असतं. हिने हात धुतले, पदराला पुसले आणि चालू लागली. तो तोरा बघून माझं डोकंच फिरलं. कारखान्यामागची खोली मी तिला राहायला दिली होती, ती त्याच दुपारी रिकामी करायला लावली. मग दूध संकलन केंद्रावर गेले आणि रांगेत कॅन घेऊन उभ्या असलेल्या सगळ्या गावासमोर सांगितलं की हिने माझं गुपित विकलं. त्यानंतर तिला गावात कुणी कामाला ठेवेना. तिला ना नवरा, ना मूल. नावावर जगणारी बाई, आणि ते नाव मी रस्त्यावर टाकलं.

त्या आठवड्यात वकीलबाई आली नाही, पुढच्या गुरुवारी आली. मी म्हटलं, "नोटीस काढ. नाव लिही ढवळणारीचं."

तिने पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही. "पुरावा काय, आजी?"

"डबा तिच्या हातात होता."

"डबा हातात असणं म्हणजे गुपित विकणं नव्हे. आणि मला सांगा, तिने विकलं नसेल तर?"

"तर काय?"

"तर ज्याने विकलं तो अजून तुमच्याच घरात जेवतोय."

२

ही वकीलबाई म्हणजे पोरगीच. दर गुरुवारी दूध केंद्राच्या वरच्या खोलीत बसते. एक टेबल, एक डुगडुगणारी खुर्ची, दारावर हाताने लिहिलेली पाटी: 'कायद्याची मदत, मोफत.' लोक बांधाची भांडणं नेतात, नवऱ्याची भांडणं नेतात. मला आजी म्हणते. मी कुणाची आजी नाही, हे दोनदा सांगून झालं, ऐकत नाही.

वर्षापूर्वी मी तिच्याकडे गेले ती एका माणसामुळे. गुळगुळीत दाढीचा एक जण शहरातून येऊन कारखान्याच्या दारात उभा राहिला होता आणि "मावशी, कढई जरा जवळून बघू का" म्हणाला होता. मी त्याला झाडूने वाट दाखवली. पण धसका घेतला.

वकीलबाई म्हणाली, "ज्यांचा ज्यांचा मलमाशी संबंध येतो त्यांच्याकडून गोपनीयतेचा करार करून घ्या. धंद्याचं गुपित बाहेर सांगणार नाही, असा."

तिने कागद तयार केला. तिघांनी तो करून दिला: ढवळणारीचा अंगठा, पुतण्याची सही, सुनेची सही. वकीलबाईने आधी मोठ्याने वाचून दाखवला. "सदर मलमाविषयी कोणतीही माहिती तोंडी अथवा लेखी कोणाही व्यक्तीस देणार नाही." ढवळणारीने विचारलं, "म्हणजे काय हो?"

वकीलबाई तोंड उघडायच्या आत मीच सांगून टाकलं. "म्हणजे मलमाबद्दल ब्र काढायचा नाही. कुणापाशी म्हणजे कुणापाशी नाही. काढलास तर कोर्टात उभी करीन."

तिने मान डोलावली आणि अंगठा उठवला.

मग वकीलबाई म्हणाली, कागदाला एक जोडपत्र लागेल. गुपित नेमकं काय आहे ते त्यात लिहायचं, पाकीट बंद करून तुमच्यापाशीच ठेवायचं. काय जपायचं तेच लिहिलं नाही तर कोर्ट कशाचं रक्षण करणार? हे मला मुळीच पटलं नाही. पण मी सांगितलं आणि सुनेने लिहिलं, तिचं अक्षर चांगलं म्हणून. जवसाचं तेल, मेण, राळ आणि आणखी एक जिन्नस, सगळं मापासकट. पाकीट माझ्या पेटीत, गोधड्यांखाली. किल्ली माझ्या कमरेला.

"ते पाकीट आणा," या गुरुवारी वकीलबाई म्हणाली.

मी आणलं. तिने ते उजेडात धरलं, तोंडावरून बोट फिरवलं आणि माझ्यापुढे केलं. आम्ही ते डिंकाने बंद केलं होतं. आता त्याच्या तोंडावर पांढरी, सुकून पापुद्रे धरलेली खळ होती. कुणीतरी उघडून पुन्हा चिकटवलं होतं.

आणि ती खळ मी ओळखली. तीच खळ लावून आमची लेबलं चिकटतात.

३

पुतण्याला बोलावलं. माझ्या थोरल्या दिराचा मुलगा, तीस वर्षांचा घोडा, अजून आरशासमोरून जाताना भांग ठीक करतो.

वकीलबाईने पाकीट त्याच्या पुढ्यात ठेवलं. बाकी काही बोलली नाही. तिची ही एक रीत मला आवडली. बोलायचं काम समोरच्याला करायला लावते.

"काकू," तो म्हणाला, "मारू नका."

"मारायला तू काय लहान आहेस? केव्हा उघडलंस?"

"पावसाळ्याआधी. तुम्ही अंघोळीला जाताना किल्ली खुंटीला अडकवता."

"आणि कुणाला विकलंस?"

"विकलं?" तो खरोखरच गोंधळला. "काकू, मला वाटलं त्यात तुमचं मृत्युपत्र आहे."

"मी मेलेय का?"

"तसं नाही. तुम्ही नेहमी म्हणता ना, माझ्यामागे धंदा कुणी बघायचा ते मी लिहून ठेवलंय. मला बघायचं होतं माझं नाव आहे का." त्याचे कान लाल झाले. "नव्हतं. कुणाचंच नव्हतं. नुसतं तेल, मेण, राळ नि जायफळ. गाईच्या खुराला जायफळ! मला तर हसूच आलं. मग भीती वाटली, म्हणून पुन्हा चिकटवलं."

वकीलबाई हसली नाही. तिने वहीत एक शब्द लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. मला तो शब्द उलट्या बाजूनेही लागला. जायफळ.

 तिच्या वहीतल्या त्या एका शब्दात मी अडकणार होते, हे मला तेव्हाच कळलं.

"काकू, ती बाई परत येणार का हो?" पुतण्या जाता जाता म्हणाला. "कालचा घाणा बिघडला. तुम्ही सगळं घालून दिलंत, मी नुसता ढवळला. वर पाणी सुटलं."

"तू तुझी लेबलं चिकटव," मी म्हटलं.

४

सुनेला विचारायची वेळ आली तेव्हा ती आपणहून खुर्ची ओढून बसली. माझ्यापुढे ती कधी खुर्चीवर बसत नाही.

"जोडपत्र तुम्ही लिहिलंत?" वकीलबाईने विचारलं.

"हो. सासूबाई सांगत गेल्या तसं."

"ते कुणाला दाखवलंत? नवऱ्याला?"

"ह्यांना कशाला दाखवायचं? त्यांना त्या कागदाशी काय करायचंय?" ती माझ्याकडे वळली. "सासूबाई, एक विचारू? ह्या गुरुवारी मी संशयित आहे, मागच्या वर्षी मी सही करणारी होते. सही घेताना मी बाहेरची होते. संशय घेतानाही बाहेरचीच. मग मी घरची कधी असते?"

"वाट्टेल ते बोलू नकोस," मी म्हटलं.

"वाट्टेल ते नाही बोलत. तुम्ही माझी सही घेतलीत, पुतण्याची घेतलीत, त्या गरीब बाईचा अंगठा घेतलात. ह्यांची का नाही घेतलीत?"

खोलीत खालून कॅन आपटल्याचे आवाज येत होते. वकीलबाईने मान वर केली. "मीही विचारलं होतं, आजी. त्या दिवशी."

विचारलं होतं खरं. मी काय म्हटलं होतं तेही मला आठवतं. पोटच्या पोराची कुणी सही घेतं का? माझ्या रक्ताचा आहे तो, त्याला कागद कशाला? ती पेन धरून थोडा वेळ थांबली होती आणि मग तिने त्याच्या नावाची ओळ खोडली होती.

"त्याचा काय संबंध?" मी म्हटलं. "तो कधी कढईपाशी फिरकत नाही. तो सामान आणतो आणि डबे दुकानांत पोचवतो. एवढंच."

  वकीलबाईने वही फिरवून माझ्यापुढे ठेवली आणि त्या रेघ ओढलेल्या शब्दावर बोट टेकवलं.

"आजी, खरं सांगा. तुमच्या मलमात जायफळ असतं का?"

५

नसतं. कधीच नव्हतं.

हे मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या माणसासमोर बोलले. सून तोंडावर हात ठेवून बसली. "मी तेव्हाच विचारलं होतं, जायफळ का म्हणून," ती पुटपुटली.

"मग काय असतं?"

"चुन्याची निवळी. चुनकळी पाण्यात विरवायची, रात्रभर ठेवायची, वरचं स्वच्छ पाणी तेवढं घ्यायचं. ते तेलात मुरलं की भेगा भरतात."

"आणि कागदावर खोटं का सांगितलंत?"

"शहरातून आलेल्या वकिलाच्या कागदावर मी खरं सांगू? वेडी आहे का मी?"

"आजी," ती अगदी हळू म्हणाली, "मी तुमचीच वकील होते."

 तिने टेबलाच्या खणातून निळ्या झाकणाचा डबा काढला. मीच तो तिच्या हवाली केला होता आणि नंतर ढुंकूनही पाहिला नव्हता. चोराचा माल मी हातात का घ्यावा, असा माझा तोरा.

"हा उघडा. यात काय आहे ते दहा गावांत तुम्ही एकट्याच सांगू शकता."

मी झाकण काढलं. आधी नाक लावलं. जायफळाचा मागमूस नाही. बोटावर घेऊन चोळलं. रवा लागला. आमचा मलम लोण्यासारखा पसरतो. हा बोटाखाली खरखरत होता. अंगठ्याने दाबलं तर कडेने पाण्याचे मणी बाहेर आले. एक मणी जिभेवर ठेवला. जीभ चरचरली.

चुना.

मी डबा खाली ठेवला.

"सांगा," वकीलबाई म्हणाली.

"पाकिटातून चोरलं असतं तर यात जायफळ असतं. यात निवळी आहे. म्हणजे कागद बघणाऱ्याने हे विकलेलं नाही. पुतण्या नाही. सूनही नाही, ती कढईच्या खोलीत पाय ठेवत नाही, तिला आत्ताच कळलं."

"आणि ढवळणारी?"

 "निवळी आणि तेल एकमेकांत मुरवायला हात लागतो. मलम गार होईस्तोवर एकाच दिशेने ढवळत राहायचं आणि कढईतून येणारा आवाज बदलला की थांबायचं. तो आवाज तिलाच कळतो. मला कळायचा, आता ऐकू कमी येतं. तिने विकलं असतं तर हे असं फुटलं नसतं. हे सांगणाऱ्याला काय घालायचं ते ठाऊक आहे, किती घालायचं ते ठाऊक आहे, पण तो कढईपाशी कधीच उभा राहिलेला नाही."

"जिन्नस आणि माप माहीत, हात माहीत नाही," वकीलबाई म्हणाली. "असा कोण आहे, आजी?"

तिने विचारलं, पण तिला कळलं होतं. सुनेलाही कळलं होतं. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

चुनकळी शहराबाहेरच्या भट्टीवरून येते. दर महिन्याला, मोजून. आणणारा एकच.

६

मुलगा मागच्या अंगणात गोणीचं तोंड शिवत होता. मी समोर जाऊन उभी राहिले तरी त्याने दाभण सोडलं नाही.

"कंपनीने तुला काय दिलं?"

तो दचकला नाही. मला वाटतं तो दहा दिवस याच प्रश्नाची वाट बघत होता.

"खुर्ची," तो म्हणाला.

"काय?"

"खुर्ची, आई. टेबल. टेबलावर माझ्या नावाची पाटी. विक्रीचं काम, पुढच्या महिन्यापासून. चाळीस वर्षांचा झालो मी. इथे मी कोण आहे? गोण्या आणणारा. एकदा तरी मला कढईपाशी उभं केलंस? लहानपणी जवळ आलो की चमचा फेकून मारायचीस. म्हणायचीस, पुरुषाच्या हाताने मलम फुटतो."

"म्हणून विकलंस?"

"मला जेवढं ठाऊक होतं तेवढं दिलं. ते माझंच होतं. चुनकळी मी वाहिली, तेल मी वाहिलं."

"तुला कोर्टात उभा करीन."

आता त्याने मान वर केली. आणि हसला. ते हसू मी त्याच्या बापाच्या तोंडावरही कधी पाहिलं नव्हतं.

"कर. पण आधी माझी सही दाखव."

 तो उठून उभा राहिला, आणि मग त्याचा आवाज खाली आला.

"त्या बाईचं तेवढं वाईट झालं. तो डबा माझ्या पिशवीत होता, नमुना म्हणून दिलेला. ती चुनकळी मोजून घ्यायला आली आणि तिला दिसला. मला म्हणाली, मोठ्याबाईंना दाखवते. मी म्हटलं, दाखव की. पण तू अंगठा दिलायस. मलमाबद्दल तोंड उघडलंस तर आईच तुला कोर्टात नेईल, तिनेच सांगितलंय ना?"

"आणि ती?"

"ती डबा घेऊन गेली. दाखवायचा, पण बोलायचं नाही, असं ठरवलं असेल."

"तू तिथेच होतास. मी तिला सगळ्यांसमोर चोर म्हटलं तेव्हा तू टेबलापाशी होतास."

"होतो," तो म्हणाला. "डबे मोजत होतो. आकडा चुकला."

७

वकीलबाईने सगळं ऐकून घेतलं. मी विचारलं, आता काय करता येईल. तिने कागद पुढे ओढला, पाकीट त्यावर ठेवलं आणि दोन्हींवर हात ठेवून बसली.

"मुलाने करार केलेलाच नाही, म्हणून त्याला करार मोडल्याबद्दल धरता येत नाही. दुसरे मार्ग आहेत, पण त्यांना आधी गुपित काय होतं ते सिद्ध करावं लागतं. आणि तुमच्या स्वतःच्या जोडपत्रात गुपित म्हणून जायफळ लिहिलंय. कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला ते वाचून दाखवेल आणि म्हणेल, आमच्या डब्यात जायफळ नाही, मग आम्ही यांचं काय घेतलं?"

"म्हणजे काहीच नाही."

"मी लढायला तयार आहे. पण खोटी आशा देणार नाही." मग ती म्हणाली, "माझंही चुकलं. त्या बाईने म्हणजे काय म्हणून विचारलं आणि उत्तर तुम्ही दिलंत. मी ते दुरुस्त करायला हवं होतं. तसं केलं नाही. मला वाटलं, ढोबळमानाने बरोबर आहे."

मी खाली दूध केंद्रावर गेले. संध्याकाळच्या दुधाची रांग लागली होती. जिथे उभी राहून मी तिचं नाव घेतलं होतं तिथेच उभी राहिले आणि सांगितलं, ढवळणारीने काही केलेलं नाही, माझ्या मुलाने केलं.

 मग केंद्राचा मापाडी कॅनवर टिचकी मारत म्हणाला, "मोठ्याबाई, मागच्या आठवड्यात ती, आज मुलगा. पुढच्या आठवड्यात आमच्यापैकी कुणी का?"

रांगेत हशा पिकला. वाईट मनाने हसले नाहीत ते. म्हातारी घोळ घालतेय, असंच त्यांना वाटलं. एक बाई माझा दंड धरून म्हणाली, "घरी जा, मोठ्याबाई, ऊन लागलंय तुम्हाला." एकोणीस वर्षांच्या इमानावर माती टाकायला माझं एक वाक्य पुरलं होतं. ती माती काढायला माझी दहा वाक्यं पुरेनात.

८

शेजारच्या गावात बटाट्याची एक शेड आहे. ढवळणारी तिथे आहे असं कळलं. वकीलबाई तिच्या स्कूटरवर मला घेऊन गेली.

शेडचा मालक म्हणाला, पुढच्या टेबलावर नाही बसवता येत तिला, गिऱ्हाइकांत कुजबुज होते. मागे, सडके निवडायला ठेवली होती. ओल्या पोत्यावर बसलेली, कोपरापर्यंत हात काळे. त्या हातांनी आवाज ऐकायची ती.

मला बघून उभी राहिली. सवयीने. ते मला फार लागलं.

"बस," मी म्हटलं. "मला सगळं कळलंय. डबा कुणाच्या पिशवीत होता तेही."

ती गप्प.

"अगं, आता तरी बोल!"

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. वकीलबाईकडे पाहिलं आणि विचारलं, "बोलले तर चालेल?"

"चालेल," वकीलबाई म्हणाली.  "आधीही चाललं असतं. कागद बाहेरच्यांना सांगू नये म्हणून होता. मोठ्याबाईंना सांगायला कधीच मनाई नव्हती."

ढवळणारीने हात पदराला पुसले. मग परत पोत्यावर बसली.

"असं होय," ती म्हणाली.

मी बोलायला जाणार तोच ती पुढे म्हणाली, "मी तो डबा उघडून पाहिला होता, मोठ्याबाई. फुटलेला होता. तुम्ही एकदा बोट लावलं असतं तर तुम्हाला कळलं असतं. मी वाट बघत होते, आता लावाल, आता लावाल. मला बोलायची गरजच पडली नसती." एक बटाटा तिने उचलला, दाबून पाहिला, टोपलीत टाकला. "दारातून बाहेर पडेपर्यंत बघत होते मी."

"परत चल," मी म्हटलं. "खोली तुझीच आहे. भट्टी दहा दिवस नीट लागलेली नाही."

"नाही जमायचं."

"रागावलीस?"

"राग नाही. परवा इथे कुणाच्या बैलाला तुमचा मलम लावत होते. वास आला आणि मला भडभडून उलटी झाली. आता त्या वासात उभी राहू शकत नाही मी. देवाशपथ, प्रयत्न केला."

शेडच्या पत्र्यावरून पारवे उडाले. मालक लांबून आमच्याकडे बघत होता, काम थांबलं म्हणून. मी उभी होते, बसायला जागा कुणी दिली नाही आणि मी मागितली नाही. आयुष्यभर मी लोकांचे निवाडे करत आले. कोण आळशी, कोण लबाड, कोण लग्नाला बरं, कुणाला दारात उभं करायचं नाही. माझं चुकलं असं मला म्हणता येत नाही, ते शब्द माझ्या तोंडात कुणी घातलेच नाहीत. पण हिचा निवाडा राहिला होता, आणि तो मी सगळ्या शेडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने केला.

"ऐक. तू चोर नाहीस, लबाड नाहीस, आणि तोरा तर तुझ्यात कधी नव्हताच. या सगळ्यात गुन्हा म्हणावा असं तू एकच केलंस. माझ्यासारख्या बाईचा शब्द खरा धरलास. पुन्हा कुणाचा धरू नकोस."